लेहला निघालोय, डोळ्यांची काय काळजी घ्यायची?

निखिल_गंगापूररोड | 9 जून, रात्री 10:42

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लेह ठरलंय. मी आणि तीन मित्र बाईकवर मनालीमार्गे, बायको आणि मामा विमानाने थेट. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच दळण चालू आहे: ऑक्सिजनचे डबे किती घ्यायचे, कापूर हुंगायचा का, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी कधी सुरू करायची. डोळ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्याकडे तर सगळेच डोळ्यांचे गिऱ्हाईक! माझा नंबर उणे साडेपाच. बायकोचं लॅसिक (लेझरने नंबर घालवायचं ऑपरेशन) काही वर्षांपूर्वी झालंय. मामांचं (वय 63) गेल्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बरे आहेत. हेल्मेटमध्ये चष्मा अडकतो म्हणून मी लेन्स लावायच्या विचारात आहे.

उंचीवर नजरेत खरंच काही फरक पडतो का? आमचा ग्रुपलीडर म्हणतो, ढगाळ असेल तर गॉगलचीही गरज नाही. अनुभवी लोकांनी लिहा.

---

मिसळ_कट्टा | 9 जून, रात्री 10:58

लेहजवळच्या खारदुंगला खिंडीत बिल बघितलं की डोळे आपोआप पांढरे होतात. तिथे मॅगी खाऊ नका.

---

सह्यभटक्या | 9 जून, रात्री 11:20

गॉगल हवाच, ढगाळ असो नाहीतर काही. दर 1000 मीटरला अतिनील किरण साधारण 10 ते 12 टक्क्यांनी वाढतात. नाशिक 600 मीटरच्या आसपास, लेह 3500. त्यात ताजा बर्फ असला तर तो 80 टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे वरून एक मार आणि खालून दुसरा. टोपीने वरचा अडतो, खालच्याचं काय करणार? पातळ ढगातून हे किरण बऱ्यापैकी पार होतात आणि ऊन लागत नसल्यामुळे आपण गाफील राहतो. लीडरला सांग, ऊन दिसण्यावर जाऊ नको.

---

देवळालीकर | 10 जून, सकाळी 6:05

तोफखान्यात नोकरी झाली, त्यातला काही काळ सियाचीनला काढला. आमच्याकडे गॉगल काढला तर शिक्षा होती आणि ती योग्यच होती.

एका ढगाळ दिवशी एका जवानाने वाफ धरते म्हणून गॉगल कपाळावर चढवला. दिवसभर काही नाही. संध्याकाळी चहा पिताना हसत-खेळत होता. रात्री साडेदहा-अकराला ओरडायला लागला. डोळ्यांत वाळू सलतेय म्हणे, पापणी उघडवेना, पाण्याच्या धारा. टॉर्चचा उजेड भिंतीवर पाडला तरी तोंड फिरवायचा. त्रास 6 ते 12 तासांनी उठतो, ही यातली मेख. दिवसा काही झालं नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. दोन दिवस अंधारात पट्टी बांधून ठेवला, मग नजर आली. पण त्या दोन दिवसांत चालायची वेळ आली असती तर एका माणसासाठी चार माणसं लागली असती.

बायको-मामांसाठी एक सांगतो. विमानाने गेल्यावर पहिले दोन दिवस झोपून काढायचे. फिरायला जायचं नाही.

---

चष्म्याचं_दुकान | 10 जून, सकाळी 9:47

देवळालीकर काकांनी सांगितलेला प्रकार म्हणजे फोटोकेरॅटायटिस, बुबुळाचा वरचा थर उन्हाने भाजणं. असं झालं तर लेन्स काढा, अंधारात पडून राहा, गार पट्ट्या, वेदनेची गोळी, डोळे ओले ठेवणारे थेंब. चोळू नका. आणि डोळा बधिर करणारे थेंब कुणाकडून मिळाले तरी पुन्हा पुन्हा घालू नका, बरं वाटतं पण जखम भरायला वेळ लागतो. बहुतेकांचं 24 ते 72 तासांत निवळतं.

आता गॉगल. दुकानात रोज हा वाद होतो, म्हणून जरा सविस्तर. काच किती काळी यावर काही नसतं. काळी पण अतिनील न अडवणारी काच उलट वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. पोलराइज्ड म्हणजे चकाकी कमी करणारं, त्याचा अतिनीलशी थेट संबंध नाही. "यूव्ही 400" ही अतिनील अडवत असल्याची खूण बघा आणि शंका असली तर दुकानदाराला मीटरवर तपासून दाखवायला सांगा. पाच सेकंदांचं काम आहे, नाही म्हणाला तर उठून या. श्रेणी 3 ची काच बहुतेक प्रवासाला पुरते. श्रेणी 4 फक्त 3 ते 8 टक्के उजेड आत सोडते, हिमनदीवर चालायला उत्तम, पण ती लावून गाडी चालवायची नसते. निखिल, तुम्ही बाईकवर आहात, तेव्हा 3 च घ्या. कडेने उजेड येणार नाही असा वळणदार साचा हवा.

मेन रोडवर दीडशेला मिळतो त्यावरचा स्टिकर मीही छापून आणू शकते.

---

वैद्य_नाही_पण | 10 जून, सकाळी 10:15

आमची आजी डोळे आले की मध घालायची. शुद्ध मध असेल तर बर्फाच्या त्रासालाही चालावा. रासायनिक थेंब कशाला?

---

चष्म्याचं_दुकान | 10 जून, सकाळी 10:31

@वैद्य_नाही_पण, तुमचं आयडी बरोबर आहे. भाजलेल्या बुबुळावर बरणीतला मध, गुलाबपाणी, तूप, काहीही घालू नका. जंतुसंसर्ग झाला तर लेहला तरी डॉक्टर आहेत, वाटेतल्या पांग-सरचूला कोण आहे?

---

सह्यभटक्या | 10 जून, दुपारी 1:12

1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेतला नॉर्टन आठवला. ऑक्सिजनशिवाय 8570 मीटरपर्यंत गेला. वाट खडकाची, बर्फ कमी, म्हणून त्याने गॉगल काढून ठेवला होता. वर असतानाच एकाची दोन दिसायला लागली होती. खाली छावणीत आला आणि रात्री दोन्ही डोळे गेले, दोन-अडीच दिवस आंधळा. नंतर परत दिसायला लागलं. बर्फ समोर नसला तरी चुकत नाही एवढं यातून घ्यायचं.

---

अश्विनी_त | 10 जून, दुपारी 3:40

माझा अनुभव वेगळा. एव्हरेस्ट बेस कॅम्प (5364 मी.) करून खालच्या गोरकशेपला आले. खोकला भयंकर. रात्री वाचायला घेतलं तर ओळीतलं मधलं अक्षर नाही! डावा डोळा झाकला की सगळं दिसतं, उजवा झाकला की मध्ये राखाडी डाग. कडेची अक्षरं ठीक, नेमकं ज्याच्याकडे बघावं ते गायब. दुखत काहीच नव्हतं. गाइडने ऐकल्याबरोबर सकाळी खाली उतरवलं, थांबू दिलं नाही.

नाशिकला आल्यावर बाहुली मोठी करून पडदा तपासला, तर मध्यभागाजवळ रक्त साकळलेलं. डॉक्टर म्हणाले 5000 मीटरच्या वर जाणाऱ्या पुष्कळ लोकांच्या पडद्यावर असे ठिपके येतात, बाजूला असले तर माणसाला पत्ताही लागत नाही आणि आपोआप जिरतात. माझा मध्यभागी होता म्हणून कळलं. काही आठवड्यांत गेला, आता अक्षरं जागेवर आहेत. खोकताना-कुंथताना जोर पडतो तोही कारणीभूत असू शकतो म्हणे.

---

मिसळ_कट्टा | 10 जून, दुपारी 3:55

म्हणजे लेहला मिसळ खाऊन गेलो तर दोन्ही बाजूंनी धोका.

---

आकाशदर्शी | 10 जून, रात्री 9:18

एक गंमत सांगतो, यात दुखणं नाही. लडाखमधल्या हानलेला (4500 मी.) तारे बघायला गेलो होतो. वाटलं होतं आकाशगंगा अंगावर येईल. सुंदर होतंच, पण दमून नुसता उभा होतो तेव्हा मंद तारे दिसेनात. बरोबरच्या एकाने ऑक्सिजनची नळी नाकाला लावली आणि म्हणाला, "अरे, दिवे लावले कुणी?" डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना ऑक्सिजन फार लागतो आणि तो कमी पडला की रात्रीची नजर आधी घटते. वैमानिकांना तर रात्री 5000 फुटांच्या वर, म्हणजे साधारण 1500 मीटरपासूनच ऑक्सिजनचा सल्ला देतात. सिगारेट ओढणाऱ्यांना आणखी कमी दिसतं. निळ्या-पिवळ्या छटांतही थोडा घोळ होतो.

तेव्हा बाईकवाल्यांनो, अंधार पडल्यावर तिकडे चालवू नका. रस्त्यात नाले आडवे येतात, ते दिसले पाहिजेत.

---

पंचवटी_एक्सप्रेस | 10 जून, रात्री 9:30

कळसूबाई 1646 मीटर. आत्ता कळलं मला नाइट ट्रेकला शेवटच्या शिडीवर काही का दिसत नव्हतं.

---

सह्यभटक्या | 10 जून, रात्री 9:33

तू हेडलॅम्प पायथ्याच्या बारी गावातच विसरला होतास म्हणून दिसत नव्हतं.

---

निखिल_गंगापूररोड | 10 जून, रात्री 10:50

बापरे, भरपूर माहिती. सगळ्यांचे आभार. राहिलेले प्रश्न: (1) लेन्स की चष्मा? (2) बायकोचं लॅसिक? (3) डायमॉक्सने डोळ्यांना काही?

---

चष्म्याचं_दुकान | 11 जून, सकाळी 9:20

लेन्स लावणार असाल तर रोज फेकायच्या घ्या. बुबुळ हवेतूनच ऑक्सिजन घेतं, वर तो मुळात कमी, त्यावर लेन्सचं झाकण. सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून हवा जास्त जाते. लावून झोपायचं अजिबात नाही. हवा कोरडी, त्यात बाईकचा वारा, म्हणून लेन्सवर चालणारे थेंब खिशात ठेवा. रात्री पाकीट बॅगेत टाकून देऊ नका, अंगाजवळ घेऊन झोपा, नाहीतर सकाळी आतलं पाणी गोठलेलं मिळेल. हात धुवायला पाणी नसेल त्या दिवशी चष्मा. पर्यायी चष्मा न घेता निघालात तर उणे साडेपाचवाल्याला बारालाचा खिंडीत बाईकचा आरसाही सापडायचा नाही.

हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते, ती अतिनील अडवते. पण ती वर करून फोटो काढत बसता तेव्हाच भाजतं.

---

पडदानशीन | 11 जून, दुपारी 2:05

धागा वाचत होतो, आज लिहितो. (रेटिना, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं काम करतो, म्हणून हे आयडी. हसून घ्या.)

लॅसिकला बरीच वर्षं झाली असतील आणि नजर स्थिर असेल तर लेहच्या उंचीला बहुधा अडचण येत नाही. डोळे कोरडे पडतील, थोडं धूसर वाटू शकतं. ज्यांनी 80-90 च्या दशकात बुबुळाला चिरा देऊन नंबर घालवून घेतला त्यांची गोष्ट वेगळी. उंचीवर ऑक्सिजन कमी पडून त्यांचं बुबुळ सुजतं, आकार बदलतो आणि नंबर अधिककडे सरकतो. 1996 मध्ये एव्हरेस्टवर बेक वेदर्स या अमेरिकी डॉक्टरची नजर याच कारणाने वर चढताना गेली, त्यामुळे तो वाटेतच बसून राहिला आणि पुढे वादळात सापडला. तुमच्या मागच्या पिढीत कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर जरूर विचारा, लोक त्याला सरसकट "लेझर" म्हणतात.

डायमॉक्स मुळात काचबिंदूचंही औषध आहे. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव जाते. क्वचित तात्पुरतं लांबचं धूसर होतं, गोळी थांबवली की उतरतं. डोळा लाल होऊन दुखायला लागला तर मात्र लगेच दाखवायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आणि निखिल, मामांचं नक्की कुठलं ऑपरेशन झालंय? मोतीबिंदू का?

---

निखिल_गंगापूररोड | 11 जून, संध्याकाळी 6:44

नाही, पडदा सुटला होता. मुंबईला केलं. आत गॅस भरलाय म्हणतात. मामा अजून मामेबहिणीकडे डोंबिवलीला आहेत, या रविवारी बहिणीच्या नणंदेचा साखरपुडा आहे नाशिकला, त्यासाठी गाडीने येणार आहेत. डॉक्टरांनी विमान नको सांगितलंय म्हणून गाडी. लेहपर्यंत तो गॅस जाईल ना?

---

पडदानशीन | 11 जून, संध्याकाळी 6:51

निखिल, लेहचं नंतर बोलू. रविवारची गाडी थांबवा. मामांच्या सर्जनना आजच फोन करून "कसारा घाट चढू का" एवढंच विचारा. मामांच्या मनगटावर डोळ्यात गॅस असल्याचा पट्टा बांधलाय का? तो काढायचा नाही.

कारण सांगतो. विमान नको ते विमान म्हणून नाही, हवेचा दाब कमी होतो म्हणून. विमानाच्या आतला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या इतका असतो. बाहेरचा दाब घटला की डोळ्यातला गॅसचा बुडबुडा फुगतो. डोळा काही ताणला जात नाही, मग आतला दाब वाढतो आणि तो इतका वाढू शकतो की पडद्याला रक्त पोचवणारी वाहिनी बंद पडते. असं काही वेळ राहिलं तर नजर कायमची जाते. डोंबिवली समुद्रसपाटीला, इगतपुरी 600 मीटर. दाब सुमारे 7 टक्के कमी. लेहला तर समुद्रसपाटीच्या जेमतेम 65 टक्के दाब असतो, म्हणजे बुडबुडा दीडपट व्हायला बघणार.

---

पंचवटी_एक्सप्रेस | 11 जून, संध्याकाळी 7:10

हे मी रोज बघतो हो! कसाऱ्याला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं, गाडी चढते आणि इगतपुरी येईपर्यंत पिशवीतलं वेफर्सचं पाकीट टम्म होतं. कानात दडा बसतो ते वेगळं. डोळ्यातही तेच होत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

वैद्य_नाही_पण | 11 जून, संध्याकाळी 7:32

घाबरवू नका हो लोकांना. माझे काका गॅस भरल्यावर आठवड्याभरात ठाण्याहून नाशिकला आले, ठणठणीत आहेत. मुंबईला ऑपरेशन करून नाशिकला परत येणारे किती लोक असतात!

---

पडदानशीन | 11 जून, रात्री 8:15

@वैद्य_नाही_पण, असतात आणि बऱ्याच जणांना काही होत नाही, हेही खरं. बुडबुडा किती मोठा आहे, चढ किती वेगात चढला, काचबिंदू आहे का, यावर ठरतं. सावकाश चढलं तर डोळा आतलं पाणी बाहेर सोडून थोडं जमवून घेतो. पण तुमच्या काकांचा बुडबुडा केवढा होता हे तुम्हाला माहीत नाही, मामांचा केवढा आहे हे मला माहीत नाही. माहीत आहे ते फक्त सर्जनना. म्हणून त्यांना फोन.

गॅसचे प्रकार असतात. एक दोन-तीन आठवड्यांत जिरतो, दुसरा सहा-आठ आठवडे राहतो. मामांना विचारा, डोळ्यात पाण्याच्या पातळीसारखी हलणारी आडवी रेघ दिसते का? ती रोज खाली खाली जाते आणि शेवटी तळाशी बारीक गोळा उरतो. पण रेघ गेली म्हणून आपणच ठरवायचं नाही, डॉक्टरांनी बघून "गेला" म्हणायला हवं. आणि या काळात दात काढायला किंवा कशाला भूल द्यायची वेळ आली तर आधी गॅसबद्दल सांगायचं, भुलेतल्या नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो. पट्टा त्यासाठीच.

---

मिसळ_कट्टा | 11 जून, रात्री 8:30

खरोखरचा प्रश्न, टिंगल नाही: समृद्धीने आले तर? तिथे घाट नाही, बोगदा आहे.

---

देवळालीकर | 11 जून, रात्री 8:41

बोगद्याने वळणं वाचतात, चढ कुठे जाईल? इगतपुरी आहे तिथेच आहे. उलट लवकर चढाल.

---

अश्विनी_त | 12 जून, सकाळी 8:02

निखिल, काय झालं कळव रे.

---

निखिल_गंगापूररोड | 12 जून, दुपारी 12:26

सकाळी सर्जनशी बोलणं झालं. जास्त दिवस टिकणारा गॅस आहे, अजून अर्ध्याहून जास्त डोळा भरलेला आहे. घाट चढायचा नाही, स्पष्ट नाही म्हणाले. पुढच्या तपासणीनंतर सांगतील. कागदावर "विमानप्रवास व उंचीवर जाणे टाळावे" असं छापलेलंही आहे, पण मामांच्या डोक्यात उंची म्हणजे हिमालय. कसारा कोण उंची धरतो?

मामा रुसलेत. साखरपुडा व्हिडिओ कॉलवर बघा म्हटलं तर "एकाच डोळ्याने बघू का" म्हणाले. मामी म्हणाली, डोंबिवलीला आमरस केलाय, ते फार काळ रुसणार नाहीत. लेहचं त्यांचं तिकीट रद्द करतोय, पैसे किती परत येतात देव जाणे.

---

सह्यभटक्या | 12 जून, दुपारी 12:40

तिकिटाचं जाऊ दे. मामांना पुढच्या वर्षी ने. खारदुंगला कुठे जात नाही, 18,380 फूट, पाटीसकट तिथेच आहे.

---

आकाशदर्शी | 12 जून, दुपारी 12:52

18,380 ही पाटीवरची थाप आहे. जीपीएसने मोजलेली उंची 5359 मीटर, म्हणजे 17,582 फूट.

---

सह्यभटक्या | 12 जून, दुपारी 12:55

झालं सुरू.

---

इंदिरानगरची_काकू | 12 जून, संध्याकाळी 5:15

वेगळं विचारते, धागा वाचून धास्ती बसली. आमच्या ह्यांच्या डोळ्यात पडद्याच्या ऑपरेशननंतर सिलिकॉन ऑइल भरलंय. सप्तशृंग गडावर जायचा नवस आहे. तो गड तर इगतपुरीहून उंच. नेऊ की नको?

---

पडदानशीन | 12 जून, संध्याकाळी 7:20

काकू, ऑइल गॅससारखं फुगत नाही, त्यामुळे उंचीची ही भीती त्यात नाही. तरी दोन गोष्टी सर्जनना विचारा: मान खाली घालून झोपायचं अजून किती दिवस आहे आणि पायऱ्या चढायला परवानगी आहे का. नुकतंच झालं असेल तर पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने जा. आणि आत खरंच ऑइलच आहे ना, तेवढं डिस्चार्ज कार्डावर बघून मगच निघा.

---

इंदिरानगरची_काकू | 12 जून, संध्याकाळी 7:48

कार्ड सापडलं. ऑइलच लिहिलंय. उद्या फोन करते डॉक्टरांना. हे म्हणतात ट्रॉलीने गेलं तर नवस पुरा होत नाही.

---

मिसळ_कट्टा | 12 जून, संध्याकाळी 7:50

काकू, नवस देवीला बोललात की पायऱ्यांना?